ताणलेला बोल्ट आणि गंज

बोल्टने जोडलेल्या पाइपांच्या टोकांना जाड पोलादी कडी असतात. त्यांना फ्लँज म्हणतात. दोन फ्लँज समोरासमोर आणून मध्ये गळती अडवणारी चकती, म्हणजे गॅस्केट, ठेवतात, भोवतीच्या भोकांतून बोल्ट ओवतात आणि नट आवळतात. रिफायनरी, खतकारखाना, वीजकेंद्र, समुद्रातला तेलफलाट, शहराचे पंपघर, सगळीकडे हाच जोड दिसतो, कारण तो गरज पडेल तेव्हा उघडता येतो. उघडता येण्याच्या या सोयीमुळे त्यात फटी, आटे आणि एकमेकांवर टेकलेले पृष्ठभागही येतात, आणि गंजाला अशाच जागा हव्या असतात. वेल्ड केलेल्या पाइपला गंज बहुधा वरून किंवा आतून खातो. फ्लँजच्या जोडात तो अशा ठिकाणी शिरतो, जिथे नजरही पोचत नाही आणि ब्रशही.

या जोडात गंज काय बिघडवतो ते कळायला आधी जोड कशाच्या जोरावर टिकतो ते पाहावे लागते. नट आवळला की बोल्ट लांबतो. ताणलेले पोलाद मूळ लांबीकडे परतू पाहते आणि त्या ओढीने दोन्ही फ्लँज गॅस्केटवर दाबल्या जातात. चार इंची पाइपवरची १५० क्लासची फ्लँज उदाहरणादाखल घेता येईल. तिला सुमारे १६ मिलिमीटर व्यासाचे आठ बोल्ट लागतात. बी७ जातीच्या पोलादाचे हे बोल्ट दर चौरस मिलिमीटरला ३४५ न्यूटन इतक्या ताणापर्यंत आवळले, तर प्रत्येक बोल्ट सुमारे साडेचार टनांनी ओढतो आणि आठ मिळून ३६ टनांचा दाब गॅस्केटवर पडतो. पाइपमध्ये १० बारचा दाब असेल, तर तो फ्लँजना दूर लोटतो तो जेमतेम दीड टनाच्या आसपास. उरलेला सगळा जोर गॅस्केट दाबून ठेवण्यासाठी खर्च होतो, आणि तो व्हावाच लागतो. गॅस्केट पुरेसे दाबले गेले नाही, तर ते फ्लँजच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म खाचांत उतरत नाही आणि द्रवाला वाट मिळते.

यावरून ताकद आणि गळती यांचे नातेही दिसते. जोड फुटून वेगळा व्हायला बोल्टांनी आपला जवळजवळ सगळा जोर गमवावा लागतो. गळायला मात्र त्यातला काही भाग गमावला तरी पुरतो. म्हणून गंजलेला जोड बहुतेक वेळा आधी गळतो, आणि तुटलाच तर फार नंतर. याला एक अपवाद आहे, भेगांचा. त्याचा विचार पुढे येईल.

तो ३६ टनांचा जोर साठवलेला असतो तरी किती जागेत? वरच्या उदाहरणात दोन नटांमधली बोल्टची परिणामकारक लांबी सुमारे ६८ मिलिमीटर भरते. तेवढ्या लांबीचे पोलाद त्या ताणाखाली लांबते ते फक्त ०.११ ते ०.१२ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीएवढे. नटाखाली गंजाचा किंवा जाड रंगाचा ०.०३ मिलिमीटरचा थर असेल आणि तो कालांतराने चुरडला गेला, तर या ताणातला पाव भाग जाण्याजोगा असतो. गॅस्केट थोडे उसळते आणि काही नुकसान भरून काढते, सगळे नाही. आखूड बोल्टांचे जोड लांब बोल्टांच्या जोडांपेक्षा लवकर सैल का पडतात, त्याचे उत्तर याच हिशोबात आहे: ताण तेवढाच असला तरी आखूड बोल्टमध्ये लांबण्याची शिल्लक कमी असते.

आता गंजाकडे वळू. उघड्यावरच्या पोलादाला पाणी आणि ऑक्सिजन मिळाला की ते गंजते. फटीतला गंज मात्र वेगळ्या वाटेने चालतो. फ्लँजच्या दोन तोंडांमधली चीर, नट आणि फ्लँज यांच्यामधली जागा, आट्यांच्या खोबणी, बोल्ट आणि भोक यांच्यामधली पोकळी, इथे शिरलेले पाणी हलत नाही. त्यातला ऑक्सिजन लवकर संपतो आणि बाहेरून नवा येत नाही. केंब्रिजचे यू. आर. इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात अशा असमान वायुपुरवठ्याचा अभ्यास केला. त्यातून निघालेली गोष्ट पहिल्या ऐकण्यात उलटी वाटते: ऑक्सिजन जिथे कमी, तिथले धातू विरघळतात, आणि ऑक्सिजन मुबलक असलेला बाहेरचा भाग सुरक्षित राहून त्या विरघळण्याला हातभार लावतो. फटीतल्या धातूचे आयन पाण्याशी अभिक्रिया करून आम्ल तयार करतात. विद्युतभार समतोल राहावा म्हणून बाहेरचे क्लोराइड आयन आत ओढले जातात. आम्ल आणि क्लोराइड एकत्र आले, की स्टेनलेस स्टीललाही आपला संरक्षक ऑक्साइड थर टिकवता येत नाही. म्हणून बाहेरून चकचकीत दिसणारी स्टेनलेस फ्लँज गॅस्केटच्या काठाला खड्ड्यांनी खाल्लेली सापडते.

किनाऱ्याजवळ हे सारे लवकर घडते. समुद्री हवेतले मीठ पृष्ठभागावर बसते आणि हवेतला ओलावा शोषून घेते. साधे मीठ सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला ओलावा ओढून विरघळू लागते, पण समुद्री मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि त्याला ३३ टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता पुरते. त्यामुळे कोकण किनाऱ्यावरच्या कारखान्यांतले किंवा मुंबई हायसारख्या समुद्रातल्या तेलक्षेत्रातले जोड पावसाळ्याबाहेरही कोरडे राहतात असे मानता येत नाही. पाऊस मीठ धुऊन तरी टाकतो. जिथे पावसाचा थेट मारा पोचत नाही, अशा पाइपच्या खालच्या बाजूच्या नटांवर मीठ साचतच जाते. पाहणी करणाऱ्यांनी खालचे बोल्ट आधी बघावेत, या जुन्या सवयीमागे हेच कारण आहे. इन्सुलेशनखाली झाकलेल्या जोडांची स्थिती आणखी वाईट. पत्र्याच्या सांध्यातून शिरलेले पाणी आत कोंडून राहते, आणि पाइप ५० ते १७५ अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात गरम असेल तर ते पुन्हा पुन्हा सुकून, पुन्हा ओले होऊन, मीठ आणखी दाट करते.

बोल्टच्या ताकदीवर गंजाचा पहिला परिणाम सरळ आहे: पोलाद कमी होते. २० मिलिमीटरच्या बोल्टची आट्याच्या तळाशी जाडी सुमारे १७ मिलिमीटर असते. सर्व बाजूंनी एकेक मिलिमीटर गेला, तर ती १५ होते आणि छेदाचे क्षेत्रफळ २२ टक्क्यांनी घटते. व्यासाच्या वर्गाचा हा नियम असल्यामुळे डोळ्याला किरकोळ वाटणारी झीज ताकदीला किरकोळ नसते. शिवाय ही झीज सारखी नसते. नटाच्या तोंडाजवळच्या पहिल्या आट्यावर भार सर्वांत जास्त येतो, आणि ओलावाही तिथेच टिकतो. तिथला एकच खोल खड्डा बोल्टच्या बाकी सुस्थितीतल्या लांबीवर पाणी फिरवतो. नटाचे षटकोनी अंग झिजले, तर पाना बसत नाही आणि नट आतून किती शाबूत आहे ते तपासताही येत नाही. आटे खाल्ले गेले, तर बोल्ट तुटण्याआधी नटच निसटू शकतो.

दुसरा परिणाम कमी ओळखला जातो. वरच्या उदाहरणातला बोल्ट ३४५ न्यूटनच्या ताणाखाली आहे, आणि बी७ पोलाद सुमारे ७२० न्यूटनला कायमचे लांबू लागते. एखाद्या जागी गंजाने त्याचे क्षेत्रफळ निम्मे केले, तर तिथला ताण दुप्पट होऊन त्या सीमेजवळ पोचतो. त्यापुढे झीज वाढली, तर ती अरुंद मान कायमची लांबू लागते, आणि ०.११ मिलिमीटरची सगळी साठवण गिळायला अशा मानेचे अल्पसे लांबणेही पुरते. बोल्ट तुटत नाही, जागेवरच असतो, नटही बसलेला दिसतो, पण त्याची ओढ गेलेली असते. आठ बोल्टांपैकी शेजारशेजारचे दोन असे सैल पडले, तर गॅस्केटवरचा दाब एका बाजूला उतरतो. गळती बहुधा तिथूनच सुरू होते.

तिसरी गोष्ट आवळण्याच्या वेळेची. टॉर्क पान्याने लावलेल्या जोरातला फार थोडा भाग बोल्ट ताणायला कामी येतो. ढोबळ मानाने १० टक्के ताणायला, ४० टक्के आट्यांतल्या घर्षणाला आणि ५० टक्के नटाखालच्या घर्षणाला. आटे स्वच्छ आणि ग्रीस लावलेले असतील, तर साधारण १०७ न्यूटन-मीटरच्या टॉर्कने वरच्या बोल्टमध्ये साडेचार टनांची ओढ येते. तेच आटे गंजलेले आणि कोरडे असतील, तर घर्षण दुप्पट होते आणि त्याच टॉर्कला ओढ निम्मीच राहते. पाना ‘टक’ करतो, नोंदवहीत आकडा बरोबर चढतो, फिटरने काम नीट केलेले असते, आणि तरीही गॅस्केट अर्धवट दाबलेले असते. जुने बोल्ट तारेच्या ब्रशने घासून पुन्हा वापरण्यातला खरा तोटा हाच आहे, आणि तो पुरेशा गांभीर्याने घेतला जात नाही. नव्या बोल्टांच्या संचाची किंमत गळतीमुळे बंद पडलेल्या एका तासाच्या उत्पादनापेक्षाही बहुधा कमी असते.

याच्या उलट चूकही होते. गंज टाळण्यासाठी टेफ्लॉनच्या जातीचे लेपन असलेले बोल्ट वापरात आले आहेत. त्यांचे घर्षण इतके कमी असते, की साध्या बोल्टांच्या तक्त्यातला टॉर्क लावला तर ते गरजेपेक्षा फार ताणले जातात. लेपन बदलले की टॉर्कचा तक्ताही बदलावा लागतो.

आता गॅस्केटची बाजू. फ्लँजचे तोंड गुळगुळीत नसते. त्यावर मुद्दाम बारीक गोलाकार खाचा कातलेल्या असतात आणि त्यांचा खडबडीतपणा ३.२ ते ६.३ मायक्रोमीटर ठेवतात. गॅस्केटचा मऊ भाग या खाचांत उतरतो आणि द्रवाला आतून बाहेर जाण्यासाठी एकामागून एक बांध ओलांडावे लागतात. गंजाच्या खड्ड्याने एकाच खाचेचे नुकसान केले, तर बाकीचे बांध शाबूत असतात. पण आतून बाहेरच्या दिशेने पसरलेली, कमी खोल का होईना, एक सलग चर पडली, तर सगळे बांध एकदम फुटतात. म्हणून तोंडाची तपासणी करताना खड्डा किती खोल आहे एवढेच पाहून चालत नाही. तो त्रिज्येच्या दिशेने किती लांब पसरला आहे, हेही मोजतात. खराब झालेले तोंड पुन्हा कातून घेता येते, पण प्रत्येक कातणीत फ्लँजची जाडी कमी होते आणि मानकाने ठरवलेल्या किमान जाडीखाली जाता येत नाही.

कधी गॅस्केटच गंजाला कारण होते. गुंडाळी गॅस्केटमध्ये भरलेला ग्राफाइट विद्युत-रासायनिक दृष्ट्या बहुतेक धातूंपेक्षा ‘उच्च’, म्हणजे स्वतः न विरघळता शेजारच्या ‘नीच’ धातूला विरघळवणारा, असतो. समुद्राच्या पाण्याच्या स्टेनलेस पाइपलाइनीत तो फ्लँजच्या तोंडाला लागून बसला, की त्या दोघांचा विद्युतघट तयार होतो आणि तोंड खाल्ले जाते. वाफेच्या पाइपलाइनीत उत्तम काम करणारे गॅस्केट समुद्राच्या पाण्यात वापरणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

दोन धातूंच्या या घटाचा सर्वांत वाईट अवतार म्हणजे मोठ्या ‘उच्च’ धातूत बसवलेले छोटे ‘नीच’ धातूचे तुकडे. ब्रिटिश नौदलाच्या ‘अलार्म’ या जहाजाचा लाकडी तळ १७६१ मध्ये तांब्याच्या पत्र्याने मढवला होता. पुढे पाहणी केली तेव्हा तांबे चांगले होते, पण ते धरून ठेवणारे लोखंडी खिळे जागोजागी खाल्ले गेले होते. स्टेनलेसच्या मोठ्या फ्लँजला साध्या पोलादाचे बोल्ट लावले, तर प्रमाण तेच होते. मोठ्या पृष्ठभागाची सारी मागणी छोट्या बोल्टवर येते आणि तो भराभर विरघळतो. बोल्ट हा जोडातला सर्वांत लहान आणि सर्वांत ताणलेला भाग. गंजू द्यायचेच असेल, तर तो भाग बोल्ट नसावा. भिन्न धातूंच्या जोडात म्हणून बोल्टभोवती विद्युतरोधक नळ्या आणि नटाखाली विद्युतरोधक वॉशर घालतात. त्या नळ्यांत पाणी कोंडले, तर मात्र नवी फट तयार होते. उपाय करताना त्याचाही विचार करावा लागतो.

गळतीमुळे गंज आणि गंजामुळे गळती हे चक्र किती दूर जाऊ शकते, ते अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या फोर्ट कॅलहून अणुवीजकेंद्रात १९८० मध्ये दिसले. मिसुरी नदीकाठच्या या केंद्रातल्या अणुभट्टीच्या शीतक पाण्यात, अशा बहुतेक दाबयुक्त पाण्याच्या भट्ट्यांप्रमाणे, बोरिक आम्ल मिसळलेले असे. एरवी ते इतके सौम्य असते, की पोलादाला त्याची फारशी भीती नसते. पण शीतक पंपाच्या जोडातून गॅस्केटपाशी थोडे थोडे पाणी झिरपत होते. ते गरम पृष्ठभागावर आले की पाणी उडून जाई आणि आम्ल मागे राहून दाट होत जाई. असे दाट, ओले आम्ल १०० अंशांच्या आसपास साध्या पोलादाला वर्षाला दोन-तीन सेंटिमीटर किंवा त्याहूनही वेगाने खाऊ शकते. पंपाचे आवरण बांधून ठेवणारे स्टड, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेले बोल्ट, साडेतीन इंच जाडीचे होते. पाहणीत त्यांतले काही मधल्या भागात एक ते दीड इंचापर्यंत बारीक झालेले आढळले. क्षेत्रफळाच्या हिशोबात मूळच्या ८ ते १८ टक्केच पोलाद उरले होते. टोके आणि नट पाहून हे ओळखता येत नव्हते, कारण झीज मधल्या, झाकलेल्या भागात होती.

या घटनेतली सर्वांत अस्वस्थ करणारी बाब तपासणीची आहे. टोकावरून श्राव्यातीत (अल्ट्रासॉनिक) लहरी सोडून स्टड तपासण्याची तेव्हाची पद्धत भेगा शोधण्यासाठी होती. स्टड हळूहळू बारीक होत गेला, तर लहरी दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परततात आणि पडद्यावर सारे ठीक दिसू शकते. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने त्याच वर्षी इतर केंद्रांना सूचना दिली, १९८२ मध्ये अशा आटेदार जोडसाहित्याची तपासणी करून अहवाल मागवला, आणि १९८८ मध्ये बोरिक आम्लाच्या गळतीवर लक्ष ठेवण्यासाठी कायमचा कार्यक्रम राबवायला सांगितले. थेंबथेंब गळतीला ‘किरकोळ’ म्हणण्याची पद्धत त्यामुळे या उद्योगात बरीच बदलली. रासायनिक कारखान्यांत ती अजून बदलायची आहे. तिथे बोरिक आम्लाऐवजी खारट पाणी, कॉस्टिक किंवा सौम्य सल्फ्युरिक आम्ल असते, पण उष्णतेने दाट होण्याची क्रिया तीच.

वर म्हटलेला अपवाद आता. काही वेळा बोल्ट बारीक न होता, सैल न पडता, एकाएकी तुटतो. स्टेनलेसच्या ३०४ आणि ३१६ जाती क्लोराइड आणि सुमारे ६० अंशांवरची उष्णता यांत ताणाखाली भेगाळतात. अति कठीण पोलादाला वेगळा धोका असतो. गंजताना किंवा जस्ताचा मुलामा देताना सुटलेला हायड्रोजन अणुरूपात त्यात शिरतो आणि ताण जिथे सर्वांत जास्त, तिथे गोळा होऊन त्याला ठिसूळ करतो. सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड खाडीपुलाच्या नव्या पूर्व भागात मार्च २०१३ मध्ये हे घडले. ते पाइपचे जोड नव्हते, पण ताणलेल्या बोल्टचा धर्म तोच. तीन इंच जाडीचे, जस्ताचा मुलामा दिलेले, उच्च ताकदीचे ९६ दांडे २००८ पासून आपल्या भोकांत उभे होते आणि त्या भोकांत पाणी साचले होते. मार्चमध्ये ते ताणल्यावर काही दिवसांत त्यांतले ३२ तुटले. पाइपजोडांसाठी याचा अर्थ असा, की १०.९ किंवा १२.९ श्रेणीचा अधिक ताकदीचा बोल्ट ओल्या, खारट जागी अधिक सुरक्षित असतोच असे नाही. हायड्रोजन सल्फाइडयुक्त वायू असेल आणि बोल्ट इन्सुलेशनने किंवा आवरणाने झाकलेले असतील, तर साध्या बी७ ऐवजी कमी कठीण केलेली बी७एम जात वापरतात. थोडी ताकद सोडून चिवटपणा घेणे, हा तिथला व्यवहार.

उपायांत पहिला क्रमांक पाणी दूर ठेवण्याचा. नटांवर ग्रीस भरलेल्या टोप्या, फ्लँजच्या परिघाभोवती ग्रीसची पट्टी, इन्सुलेशनच्या पत्र्याचे सांधे खालच्या बाजूला. गरम जस्तात बुडवून दिलेला सुमारे ५० मायक्रोमीटरचा मुलामा किनाऱ्यावर काही वर्षे काढतो, पण त्यासाठी नटाचे आटे थोडे मोठे पाडावे लागतात आणि आट्यांची पकड तेवढी कमी होते. नटाबाहेर बोल्टची लांब शेपटी सोडू नये, कारण उघडे आटे गंजले की पुढे नट त्यावरून फिरवून काढता येत नाही आणि बोल्ट कापावा लागतो.

हातोडीने ठोकून आवाजावरून सैल बोल्ट ओळखण्याची जुनी रीत पूर्ण सैल पडलेल्या बोल्टपुरती उपयोगी आहे. अर्धी ओढ गमावलेला बोल्टही खणखणीत वाजतो. शंका असेल तिथे बोल्ट काढून, घासून, आट्याच्या तळाची जाडी मोजणे याला पर्याय नाही. चालू पाइपलाइनीत गंजलेला नट पुन्हा आवळून गळती थांबवण्याचा मोह आवरावा: घर्षणामुळे पान्याचा जोर पिळण्यात जातो आणि आधीच बारीक झालेला बोल्ट त्याच क्षणी तुटू शकतो. दाब उतरवून, एकेक बोल्ट बदलत, प्रत्येक नवा बोल्ट ग्रीस लावून ठरलेल्या ओढीपर्यंत आवळत जावे, आणि सगळे बदलल्यावर पूर्ण फेरी पुन्हा एकदा आवळावी, कारण शेजारचा बोल्ट ताणला की आधीच्या बोल्टची ओढ थोडी उतरते.